घेणाऱ्याचा अंगठा

"माझ्या हातून चूक? अहो, चूक माझ्या टेबलाकडे फिरकायलाच घाबरते!"

नोंदणी कचेरीतला कारकून हे वाक्य रोज एकदा तरी म्हणायचाच. समोर ऐकायला कुणी नसलं, तर पंख्याकडे बघून म्हणायचा. गावाने त्याचं नावच 'बिनचूक' पाडलं होतं. त्यात निम्मी थट्टा होती, पण त्याने ती सगळीच्या सगळी शाबासकी समजून खिशात घातली होती.

आता खरं सांगायचं तर ही हुशारी नव्हती, भीती होती! आधीच्या कारकुनाने वहीत एका आकड्यावर दुसरा आकडा गिरवला, तर त्याची बदली अशा ठिकाणी झाली की तिथून त्याचं पत्रसुद्धा येईना. तेव्हापासून बिनचूक पेन टेकवण्याआधी श्वास रोखून धरायचा. गडी तसा पालीलाही घाबरायचा, पण हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. बायकोला होतं, पण ती बिचारी झाकून ठेवायची.

कागद शोधून काढण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. या गावातल्या लोकांचा कपाटांवर विश्वास नव्हता. घराजमिनीचे कागद धान्याच्या कणगीत, आढ्यावर, फोटोच्या मागे असे कुठेही दडवायचे आणि मग स्वतःच विसरायचे. बिनचूक जायचा, घरभर एक नजर टाकायचा आणि नेमकं तिथेच बोट ठेवायचा.

परवा आत्याबाईंकडेही तसंच झालं. ही बाई खरं तर एकट्या लोहाराची आत्या. पण आई-बाप गेल्यावर तिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि तो दिवसभर 'आत्या, आत्या' करत फिरायचा, म्हणून ती सगळ्या गावाचीच आत्याबाई झाली. लोहाराची भट्टी, मागची खोली आणि पुढचं अंगण, सगळं तिच्या नावावर. तिला ते लोहाराला लिहून द्यायचं होतं आणि मूळ कागदच सापडत नव्हता. भाच्याने आणि आत्याने मिळून सगळं घर उलटंपालटं केलं होतं.

बिनचूक दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आत्याबाई, घरात अशी कोणती वस्तू आहे, जिला तुम्ही दुसऱ्याला हात लावू देत नाही?"

"माझी उशी."

त्याने उशी दाबली. उशी कुरकुरली! शिवण उसवली तर आत कापसात गुंडाळलेला कागद.

"अगं बाई! मला वाटायचं माझी मानच वाजते!" आत्याबाई म्हणाल्या.

झालं! बिनचूकची छाती अशी फुगली की शर्टाचं एक बटण ताणलं गेलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोघं कचेरीत हजर झाली. आत्याबाई पुढे, लोहार मागे.

या लोहाराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. माणूस दारातून यायचा तर दार आधी रिकामं करावं लागायचं. बोलणं म्हणाल तर महिन्यातून चार वाक्यं. एकदा कुणीतरी रातोरात त्याच्या अंगणात सरकून खुंट ठोकला होता. लोहाराने तो उपटला नाही. नुसता वाकवला! खुंट लोखंडी होता. तेव्हापासून त्याच्या अंगणाच्या कडेने माणसं अंग चोरून चालायची, आणि बिनचूक तर त्या रस्त्यानेच जात नसे.

"लिही," आत्याबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "उद्या दुपारी मला शहरात नेणारेत. छातीचं ऑपरेशन आहे. आले परत तर आले. नाही आले, तर सासरकडचे पुतणे टपलेलेच आहेत. आजवर कधी पाणी विचारलं नाही, पण मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप घेऊन येतील. भट्टी याची राहिली पाहिजे. मग मी मोकळी."

"निर्धास्त जा, आत्याबाई! कागद कुणाच्या हातात आहे?"

बिनचूकने बक्षीसपत्र वहीत उतरवलं. मोत्यासारखं अक्षर! शेवटी दोन चौकटी. डावीकडे देणाऱ्याचा अंगठा, उजवीकडे घेणाऱ्याचा. सही येवो न येवो, अंगठा हवाच, असा नियम. आत्याबाईंनी अंगठा शाईत बुडवला, दाबला आणि टेबलाच्या कडेला पुसून टाकला.

लोहार पुढे आला. फावड्याएवढा पंजा त्याने वहीवर धरला आणि तो तसाच अधांतरी राहिला.

"कसा लावू?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

एरवी बिनचूक टेबलावरच्या रद्दी कागदावर करून दाखवायचा. पण आज उशीची नशा उतरली नव्हती.

"त्यात काय? हा असा शाईत. आणि हा असा!"

ठप्प!

बिनचूकने खाली बघितलं. घेणाऱ्याच्या चौकटीत, बरोबर मधोमध, एक रेषही न फिसकटता, त्याचा स्वतःचा अंगठा उमटला होता.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. वहीत आता स्वच्छ लिहिलेलं होतं की आत्याबाईंनी लोहाराची भट्टी बिनचूकला देऊन टाकली!

"आता मी?" लोहार म्हणाला.

"झ... झालं तुमचं!"

"झालं?"

"झालं म्हणजे झालंच! या आता! ऊन वाढतंय!"

लोहाराने सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला की टेबलावरचे कागद उडाले. आत्याबाईंनी बिनचूकच्या डोक्यावर हात ठेवला, "सुखी राहा, बाळा," म्हणाल्या, आणि दोघं निघून गेली. तो हात डोक्यावर होता तोवर बिनचूकला रडूच यायचं बाकी राहिलं होतं.

दार लागलं आणि त्याने वही पुन्हा उघडली. पान फाडावं, तर पानांना छापील आकडे. खोडावं, तर खाडाखोड! आणि उद्या सकाळी कोण येणार होतं? वर्षातून एकदा शहरातून येणारे तपासणी साहेब! ते खिशात भिंग ठेवतात आणि अंगठ्याची एकेक रेघ बघतात, असं सगळीकडे बोललं जायचं.

उपाय एकच होता. लोहाराला आजच्या आज परत आणायचं, खरं काय ते सांगायचं आणि त्याचा अंगठा घ्यायचा. सोपं होतं. फक्त लोहाराला सांगायचं होतं!

बिनचूक जीव मुठीत धरून भट्टीवर गेला. आत ठणाठण घण चालला होता. लालभडक लोखंड, धूर, आणि मध्ये तो डोंगर. बिनचूकला वाटेत पाठ केलेलं वाक्य आठवेना. लोहाराने घण थांबवून मान वळवली.

"काय?"

"मी... ते... कागदाचं..."

लोहाराच्या भुवया एकमेकींना भिडल्या. घण हातातच होता.

"कागदाचं काय?"

"काही नाही, काही नाही! विळा! एक विळा हवा होता!"

लोहाराने मुकाट्याने विळा दिला. बिनचूक पैसे ठेवून पळाला. पार कोपऱ्यावर येऊन त्याने स्वतःला चार शिव्या घातल्या. मग विळा घरी टाकला आणि पुन्हा निघाला. या वेळी डोळे मिटून सांगायचं ठरवलं होतं. ठरवल्याप्रमाणे त्याने डोळे मिटलेही.

"लोहारदादा, तुमचा जो अंगठा..."

"अंगठ्याचं काय झालं?" आवाज अगदी कानाशी आला.

"कुऱ्हाड!" बिनचूक किंचाळला. "कुऱ्हाड आहे का एखादी?"

तिसऱ्या खेपेला तर त्याने तोंडही उघडलं नाही. त्याला बघताच लोहाराने भिंतीला टेकवलेली पहार उचलली. ती आपल्या डोक्यात बसणार असं वाटून बिनचूक खालीच बसला. पण लोहाराने ती नुसती पुढे केली. बिनचूकने ती विकत घेतली. दुसरं काय करणार!

पहार ओढत तो घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको दारातच उभी.

"अहो, हे चाललंय काय? आपल्याला शेत नाही, झाड नाही. कुंडीत एक मोगरा आहे, त्याला कुऱ्हाड लागते का?"

"लागेल कधीतरी."

"आणि पहार?"

"घरात असलेली बरी."

"माझ्याकडे बघून बोला! तुमचे डोळे असे का झालेत? कुणाच्या जिवावर उठलाय?"

बिनचूक पहारीवर डोकं टेकून पुटपुटला, "उद्या साहेब आले की सगळं संपलं. संपलं सगळं!"

आता 'सगळं संपलं' म्हणजे आपली नोकरी संपली, असं त्याला म्हणायचं होतं. पण शेजारच्या शिंपीणकाकू खिडकीला कान लावून बसल्या होत्या. विळा, कुऱ्हाड, पहार त्यांनी येताना बघितलेच होते. आता साहेबांचंही कानावर आलं! मग काय विचारता! जेवणं उरकायच्या आत गावभर झालं की बिनचूकच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि उद्या तो तपासणी साहेबांचा निकाल लावणार आहे. "गरीब गाय म्हणायचो आपण. शिंगं कधी फुटली कळलंच नाही," असं जो तो दाराला आतून कडी घालत म्हणाला.

घरात बिनचूकने बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने डोक्याला हात लावला.

"अहो, मग एवढं सांगायला काय झालं होतं? माणूस आहे तो, खाईल का तुम्हाला?"

"तू तो खुंट बघितलेला नाहीस!"

"ते राहू द्या. आत्याबाई उद्या दुपारी जाणार. त्यांचं काही बरंवाईट झालं तर त्या माणसाच्या डोक्यावरचं छप्पर जाईल, ते कुणामुळे? सकाळी उठायचं, ही हत्यारं परत करायची आणि खरं सांगायचं. नाही सांगितलंत, तर मी सांगेन."

बिनचूकला झोप कसली लागते? डोळा लागला की अंगठ्याएवढा लोहार आणि लोहाराएवढा अंगठा दिसायचा.

सकाळी तो निघाला. खांद्यावर कुऱ्हाड, काखेत पहार, हातात विळा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. खिडक्या त्याच्या पुढे पुढे बंद होत गेल्या. त्याला वाटलं, गावाला अंगठ्याचं कळलं आणि आता कुणी आपलं तोंडही बघणार नाही.

इकडे तपासणी साहेबांची जीप वेळेच्या आधीच आली होती. साहेब नाक्यावर चहाला थांबले. चहावाल्याने कपात साखर ढवळता ढवळता कानात सांगितलं, "साहेब, जपून बरं का. तुमच्या कारकुनाने काल हत्यारं जमवलीत. तुमचं नाव घेत होता म्हणे." साहेब हसले. "अफवा!" म्हणाले. आणि कचेरीच्या दारात जीपमधून खाली उतरले, तर समोरून कुऱ्हाड, पहार आणि विळा असा सगळा सरंजाम घेऊन, झोपेविना लाल झालेले डोळे त्यांच्यावर रोखून, भट्टीकडे निघालेला बिनचूक येत होता!

दोघंही जागच्या जागी थिजले. दोघांचीही बोबडी वळली.

"नमस्कार," बिनचूक कसाबसा म्हणाला. हात जोडायला गेला तर विळा पुढे आला.

"बसा! बसा ना! घाई नाही!" साहेब दोन पावलं मागे सरकत म्हणाले.

कचेरीत साहेबांनी खुर्ची दाराशी घेतली. बिनचूकने हत्यारं कोपऱ्यात ठेवली आणि वही पुढे केली. आता भिंग निघणार! आता रेघ न् रेघ बघणार! पण साहेबांची नजर कोपऱ्यावरून हटेना. ते वही न बघताच पानं उलटू लागले.

"वा! सुंदर! अक्षर काय! खाडाखोड नाही! असे कर्मचारी आहेत म्हणून खातं चाललंय! मी नेहमी म्हणतो, घरीसुद्धा म्हणतो!" असं म्हणत त्यांनी शेवटच्या पानावर सही ठोकली. 'तपासले. बरोबर आहे.' आणि वही मिटली.

बिनचूकचा विश्वास बसेना. सुटलो! नोकरी वाचली! साहेब बॅग उचलून उभेही राहिले. आणि दारात अंधार झाला. लोहार उभा होता. त्याच्या दंडाला धरून आत्याबाई.

"निघाले रे मी," त्या म्हणाल्या. चेहरा रात्रीत उतरला होता, पण आवाज खणखणीत होता. "म्हटलं जाताना एकदा तुझ्या तोंडून ऐकावं. कागद पक्का ना? आता कुणी याला उठवणार नाही ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं! साहेबांची सही झालेली, वही मिटलेली. लोहाराला चार वर्षं काही कळलं नसतं. बिनचूकने 'हो' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याला डोक्यावरचा तो हात आठवला. भित्र्या माणसाला दुसऱ्याची भीती बरोबर ओळखता येते. आत्याबाईंना ऑपरेशनची भीती नव्हती, या एका प्रश्नाच्या उत्तराची होती.

"नाही!" तो ओरडला. "पक्का नाही! तो अंगठा माझा आहे! मी दाखवायला गेलो आणि वहीतच लावला! भट्टी माझ्या नावावर झालीय, आत्याबाई! काल तीनदा सांगायला गेलो, पण माझी हिंमत झाली नाही!"

आणि त्याने डोकं दोन्ही हातांत झाकून घेतलं. आता खुंट वाकणार, याची त्याला खात्री होती.

काहीच झालं नाही. त्याने बोटांच्या फटीतून बघितलं. लोहार घामाने निथळत उभा होता.

"म्हणजे," लोहार म्हणाला, "आता मलाच लावावा लागणार? भाऊसाहेब, मला कचेरीत आलं की पोटात गोळा येतो हो. कागद बघितला की हात लटलटतो. काल तुम्ही आलात, वाटलं कागदात काही खोट निघाली. तोंडून ऐकायची भीती वाटली. म्हणून जे मागाल ते देऊन वाटेला लावत होतो."

"मग ते पहार उचलणं?"

"तुम्ही काही बोलायच्या आत द्यावी म्हटलं."

एवढा मोठा माणूस आणि एवढीशी भीती! बिनचूकला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्या जातकुळीचं भेटल्यासारखं वाटलं.

"आणि ही हत्यारं..." साहेब दारातून हळूच म्हणाले, "ही मग कशासाठी?"

"परत करायला आणलीत, साहेब."

"परत करायला!" साहेबांच्या जिवात जीव आला. जीव आला आणि त्याच्यामागून लगेच रुबाबही आला. ते ताठ झाले, खुर्ची टेबलाशी ओढली, वही उघडली आणि भिंग काढलं. "कमाल आहे तुमची! अंगठा दाखवायला वहीत लावतात? शाळेतलं पोर असं करणार नाही! आणि एवढ्यासाठी गाव डोक्यावर घेतलंत? समासात लिहायचं, 'अंगठा चुकीने लागला आहे', खाली तुमची सही, शेजारी खऱ्या माणसाचा अंगठा, खाली माझी सही. संपलं!"

"एवढंच?" बिनचूकचा आ वासला.

"एवढंच! समास कशासाठी असतो? गाई चारायला?"

विळा, कुऱ्हाड आणि पहार कोपऱ्यातून बिनचूककडे बघत होती. त्याने मान खाली घालून समासात ओळ लिहिली. त्याच्या वहीतली पहिली चूक! आश्चर्य म्हणजे छप्पर कोसळलं नाही.

"या पुढे," साहेबांनी लोहाराला फर्मावलं. "लावा अंगठा."

लोहार आला. पंजा वहीवर अधांतरी थांबला.

"कसा लावू?" तो म्हणाला.

बिनचूक घाईघाईने पुढे झाला. "साहेब, थांबा..."

"तुम्ही गप्प बसा! तुमचं दाखवणं बघितलंय आम्ही!" साहेब गरजले. "हे बघा, घाबरायचं काय त्यात? हा असा शाईत. आणि हा असा!"

ठप्प!

साहेबांनी वहीकडे बघितलं. मग भिंगातून बघितलं. भिंगातून तर तो अंगठा फारच मोठा दिसला. कागदावर आता आत्याबाईंची भट्टी कारकून आणि साहेब यांना निम्मी निम्मी मिळाली होती.

"शिकलेली माणसं!" आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांना कोपराने बाजूला सारलं, लोहाराचा तो फावड्यासारखा हात दोन्ही हातांत घेतला आणि लहानपणी पाटीवर गिरवायला शिकवत तसा त्याचा अंगठा शाईत बुडवून समासात टेकवला. "घाबरू नकोस. दाब. मी धरलंय ना?"

लोहाराने दाबला. हात उचलला तरी आत्याबाईंनी तो बराच वेळ सोडला नाही. बिनचूकने समासात आणखी एक ओळ लिहिली, 'साहेबांचा अंगठाही चुकीने लागला आहे', आणि साहेबांनी खाली निमूट सही केली.

"आता पक्का?" त्यांनी विचारलं.

"पक्का," बिनचूक म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज जराही कापला नाही.

दोघं निघून गेली. साहेब खुर्चीत खिळल्यासारखे बसून होते. कपाळावर घाम, अंगठ्याला शाई. बऱ्याच वेळाने त्यांनी दार लोटलं आणि खुर्ची बिनचूकच्या अगदी जवळ सरकवली.

"कारकून," ते खालच्या आवाजात म्हणाले, "या वह्या पुढे आमच्या मोठ्या साहेबांकडे जातात. मला त्यांना जाऊन सांगावं लागेल. फार तापट आहेत हो." त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. "तुम्ही काल नेमकं काय काय घेतलंत?"

बिनचूकने सहानुभूतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"विळ्यापासून सुरुवात करा, साहेब," तो म्हणाला. "पहार घरी न्यायला जड पडते."